माद्रिद ते लिस्बन: सव्वा तासाच्या उड्डाणाची तयारी

माद्रिद आणि लिस्बन यांच्यातलं हवाई अंतर सुमारे ५०० किमी, रस्त्याने सव्वासहाशेच्या आसपास. दोन राजधान्यांमधली थेट रात्रगाडी २०२० पासून बंद आहे, त्यामुळे बहुतेक जण विमानच धरतात.

तिकीट हातात आलं की आधी वेळा नीट वाचा. पोर्तुगालचं घड्याळ स्पेनच्या एक तास मागे असतं आणि तिकिटावर त्या त्या शहराची स्थानिक वेळ छापतात. माद्रिदहून १० वाजता निघालेलं विमान लिस्बनला १०.२० ला पोचतं, पण लिस्बनहून १० ला निघालेलं माद्रिदला १२.२० वाजवतं. दोन्हीकडे प्रवास साधारण १ तास २० मिनिटांचाच. त्यातही प्रत्यक्ष हवेत तासभर. बाकीचा वेळ धावपट्टीपर्यंत जाण्यात आणि उतरल्यावर जागेवर लागण्यात जातो. परतीच्या दिवशी माद्रिदहून मुंबईचं विमान पकडायचं असेल, तर हा एक तास हिशेबात धराच. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर मधे किमान ४-५ तास ठेवा. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही.

मग टर्मिनल तपासा, कारण खरी घाई इथेच होते. माद्रिदच्या बाराहास विमानतळावर टी१, टी२, टी३ एकमेकांना जोडलेली आहेत, पण टी४ बरंच लांब आहे. आयबेरिया या स्पॅनिश कंपनीची विमानं टी४ वरून सुटतात. चुकीच्या टर्मिनलला उतरलात तर फुकटची बस आहे, पण त्यात वीसेक मिनिटं सहज जातात. शहरातून ८ नंबरची मेट्रो नुएवोस मिनिस्तेरिओसहून येते. नेहमीच्या भाड्यावर विमानतळाचे ३ युरो वेगळे पडतात. पहाटेच्या विमानासाठी मेट्रोवर विसंबू नका, ती सहानंतर सुरू होते. २०३ नंबरची पिवळी बस रात्रभर चालते. लिस्बनला मेट्रोची लाल लाइन टी१ पाशी थांबते. स्वस्त कंपन्यांची बरीच उड्डाणं टी२ वरून असतात आणि तिथे टी१ हून बसनेच जावं लागतं.

दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, असल्याने वाटेत इमिग्रेशन नाही आणि एकवेळच्या प्रवेशाचा व्हिसाही चालतो. तरी पासपोर्ट बॅगेत तळाशी टाकू नका, गेटवर मागतात. काही स्वस्त कंपन्या युरोपबाहेरच्या पासपोर्टवरचा व्हिसा काउंटरवर आधी तपासतात, म्हणून दोन तास आधी पोचा. लिस्बनला हॉटेलात उतरलात तर तुमची नोंद हॉटेल करतं. नातेवाइकांकडे राहणार असाल तर तीन कामकाजी दिवसांत प्रवेशाची नोंद स्वतः करायची असते, आणि त्यासाठी बोर्डिंग पास जपून ठेवा.

सामानाची मापं तिकिटाच्या प्रकारावर ठरतात. सर्वांत स्वस्त तिकिटात बहुधा सीटखाली मावेल एवढीच पिशवी असते. घरीच मोजा, चाकं आणि कड्यांसकट. गेटवर भरावे लागणारे पैसे कधीकधी तिकिटाहून जास्त होतात. लोणचं, तूप, ओली चटणी हे सुरक्षा तपासणीत द्रवच धरतात, म्हणून ते चेक-इनच्या बॅगेत. पॉवरबँक मात्र हातातल्या पिशवीतच, १०० वॉट-तासांपर्यंत.