हेलिकॉप्टरच्या कोडला हात लावण्याआधी

आर्डूपायलट या ड्रोन वगैरे आपोआप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या हेलिकॉप्टर विभागात स्वयंसेवक म्हणून काम करायचंय, असं सांगत येणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "कोणतं हेलिकॉप्टर घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. अजून काहीच घेऊ नका.

आर्डूपायलट २००९ पासून चालू आहे. जीपीएल परवान्यामुळे सगळा कोड खुला, आणि त्यावर विमानापासून पाणबुडीपर्यंत काय काय चालतं. हेलिकॉप्टर हा त्यातला छोटा कोपरा. माणसं कमी, म्हणून नव्या हातांची गरज जास्त. चार पंख्यांचं क्वाडकॉप्टर मोटरींचा वेग कमीजास्त करून तोल सांभाळतं. हेलिकॉप्टरचा रोटर मात्र जवळजवळ एकाच वेगाने फिरत राहतो आणि त्याखालची तिरकी होणारी चकती, स्वॉशप्लेट, पात्यांचा कोन बदलत असते. हे अंगात मुरायला वेळ लागतो. सिम्युलेटर फुकट आहे, त्यात हेलिकॉप्टरही आहे. पहिले दोन महिने मी तिथेच काढले आणि तो वेळ सत्कारणी लागला.

खरं शिकले ते लॉग, म्हणजे उड्डाणाच्या नोंदी, वाचताना. मी घेतलेलं जुनं हेलिकॉप्टर उंची धरायला सांगितलं की आपोआप वर चढायचं. दोष कोडमध्येच आहे अशी माझी खात्री, तक्रारही लिहून तयार. एका अनुभवी सहकाऱ्याने फक्त लॉग मागितला. उभ्या दिशेची कंपनं ६० मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर होती. ३० च्या आत असतील तर साधारण ठीक मानतात. अ‍ॅक्सेलरोमीटरची (कंपनं मोजणाऱ्या सेन्सरची) मर्यादा ओलांडल्याच्या नोंदीही वाढत होत्या. एवढ्या थरथराटात उंचीचा अंदाज चुकणारच.

मग सेन्सरची कच्ची मोजमापं नोंदवणं चालू करून पुन्हा उडवलं आणि कोणत्या वारंवारतेला किती कंपन आहे त्याचा आलेख काढला. मुख्य रोटर मिनिटाला १,८०० फेरे, म्हणजे सेकंदाला ३०. दोन पाती, म्हणून ६० हर्ट्झलाही शिखर असणार, हे गृहीत होतं. पण सगळ्यात उंच शिखर होतं १३५ वर. शेपटीचा रोटर साडेचारपट वेगाने फिरतो, हिशोब तिथे जुळला. शेपटीची दोन्ही पाती काढून एका बोल्टवर समोरासमोर बसवली आणि बोल्ट दोन पेल्यांच्या काठांवर टेकवला. एक पातं हळूच खाली झुकलं. दुसऱ्या, हलक्या पात्याला सेलोटेपचा नखाएवढा तुकडा लावला, पुन्हा टेकवलं, आणखी थोडा लावला. पाती आडवी राहिली. पुढच्या उड्डाणात ते शिखर जवळजवळ नाहीसं झालं होतं.

ही पद्धत मी सूचनापुस्तिकेत लिहून पाठवली. माझं स्वीकारलं गेलेलं पहिलं काम तेच, कोडची एक ओळही नव्हती त्यात. पुस्तिकेचं काम दुय्यम समजू नका. मैदानात अडलेला माणूस आधी तीच उघडतो.

कोडची वेळ आली तेव्हा माझी पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामील करून घेण्याची विनंती, परत आली. तीन लायब्ररींमधले (कोडच्या वेगवेगळ्या भागांमधले) बदल मी एकाच कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या एकाच नोंदीत, कोंबले होते. इथे प्रत्येक लायब्ररीचा कमिट वेगळा आणि त्याच्या सुरुवातीला तिचं नाव, असा शिरस्ता आहे. वर्षभराने एखादा बिघाड कोणत्या बदलामुळे आला हे शोधताना त्याचं मोल कळतं. सोबत सिम्युलेटरमधली स्वयंचलित चाचणीही लिहा, तपासणाऱ्याचं काम हलकं होतं. तोही आपल्यासारखाच नोकरी सांभाळून रात्री बसलेला असू शकतो.

स्वतःचं यंत्र आणाल तेव्हा टेबलावरच्या प्रत्येक चाचणीआधी मुख्य आणि शेपटीची, दोन्हीकडची पाती काढा. यात सूट नाही. उडवण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात आहे ते बघा. पुण्यासारख्या शहरात विमानतळामुळे हा प्रश्न लगेच येतो.

तोवर सिम्युलेटरमध्ये स्वॉशप्लेटचा एखादा पॅरामीटर मुद्दाम चुकवा आणि हेलिकॉप्टर कलंडण्याचं कारण लॉगमधून शोधून काढा. अडलात तर विचारा, पण लॉग जोडून.