बाबांच्या पामला वायफाय, माझ्या ट्रिओला आवाज

बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. बोटांची टोकं इतकी कोरडी पडलीत की नव्या मोबाइलची काच त्यांचं बोट ओळखतच नाही. तीनतीनदा दाबतात, काही होत नाही, मग फोन बाजूला ठेवून देतात. त्यांचा जुना पाम टंगस्टन टी-३, म्हणजे पाम कंपनीचा खिशात मावणारा छोटा संगणक, मात्र दाबाने चालतो. काडी टेकवली की उमटलं. २००३ सालचं यंत्र, पण ग्राफिटीची, म्हणजे पामवर काडीने लिहायची खास वळणाची, अक्षरं त्यांच्या हातात इतकी बसलीत की सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब ते अजून त्यातच ठेवतात. गेल्या गणपतीत म्हणाले, "अगं, ह्याच्यावर सकाळची बातमी वाचता आली असती तर बरं झालं असतं." म्हणून मी हे सगळं केलं. कुणाच्या घरी असं एखादं यंत्र कपाटात पडलं असेल तर त्यांच्यासाठी लिहून ठेवते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती कळायला मला दोन महिने लागले. जुन्या यंत्राला आजच्यासारखं करायला जाऊ नका. त्याला जे समजतं ते त्याच्या आजूबाजूला उभं करा. राउटर बदला, मध्ये एक लॅपटॉप बसवा, पण यंत्राला त्याच्या जागी राहू द्या.

सुरुवात बॅटरीपासून. टी-३ची मेमरी विजेवर जगते. बॅटरी पूर्ण उतरली की आतलं सगळं पुसलं जातं, नोंदी, पत्ते, हिशेब, सगळं. त्यामुळे प्रयोग सुरू करण्याआधी पूर्ण चार्ज करा आणि आतला डेटा एसडी कार्डावर उतरवून घ्या. यंत्राची पाठ किंचित फुगल्यासारखी वाटली किंवा टेबलावर ठेवल्यावर डुगडुगली तर आधी बॅटरी बदलून घ्या, मगच पुढे जा. वायफाय कार्ड वीज खातं आणि थकलेली बॅटरी ते झेपवत नाही. कनेक्शन लागतालागता यंत्र बंद पडतं आणि आपण उगाच कार्डाला दोष देत बसतो.

टी-३मध्ये ब्लूटूथ आहे, वायफाय नाही. वायफायसाठी पामचंच एक कार्ड यायचं, २००४ सालचं. एसडी कार्डाच्या स्लॉटमध्ये जातं आणि त्याचं जाडसर डोकं वर बाहेर राहतं, अँटेना त्याच डोक्यात असते. हे कार्ड शोधायला मी मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला, चार शनिवार गेले. एका दुकानात मला वायफाय म्हणून जे विकलं ते साधं मेमरी कार्ड निघालं, वर नुसतं स्टिकर. तेव्हा घेताना दोन गोष्टी बघाच. कार्ड नेहमीच्या एसडीपेक्षा लांब हवं, आणि त्यावर एसडीआयओ लिहिलेलं हवं. एसडीआयओ म्हणजे स्लॉटमधून फक्त साठवण नाही, तर एखादं उपकरणही चालतं. आणि स्लॉटच तसा नसेल तर कितीही चांगलं कार्ड मिळालं तरी उपयोग नाही. टी-३चा स्लॉट तसा आहे. तुमचं यंत्र दुसरं असेल तर आधी त्याच्या स्लॉटची खात्री करा. आणि शक्य असेल तर दुकानातच, तुमच्याच यंत्रात घालून बघा. यंत्र सोबत न्यायला कंटाळू नका.

स्लॉट एकच. म्हणजे वायफाय कार्ड आत असताना मेमरी कार्ड बाहेर. म्हणून कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, आधी यंत्राच्या आतल्या मेमरीत जायला हवा. पूर्वी हे हॉटसिंकने, म्हणजे पाम संगणकाला जोडून, व्हायचं, पण पामने ६४-बिट विंडोजसाठी यूएसबीचा ड्रायव्हर कधी दिलाच नाही, त्यामुळे आजच्या लॅपटॉपला केबल जोडून काही घडत नाही. त्यावर सोपी वाट अशी. १ जीबी किंवा त्याहून लहान एसडी कार्ड घ्या, एफएटी-१६ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट करा. त्यात 'पाम' नावाचं फोल्डर, त्याच्या आत 'लाँचर' नावाचं फोल्डर करा, नावं अर्थात इंग्रजी अक्षरांत, आणि ड्रायव्हरची पीआरसी फाइल (पामच्या प्रोग्रॅमची फाइल) तिथे ठेवा. कार्ड यंत्रात घातलं की फाइल पडद्यावर दिसते, मेन्यूतून ती यंत्रात कॉपी करायची. मग मेमरी कार्ड काढा, यंत्र रीसेट करा, वायफाय कार्ड घाला. आजकाल मिळणारी ३२ जीबीची कार्डं इथे चालत नाहीत, ती एसडीएचसी या नंतरच्या जातीची असतात, टी-३ त्यांना ओळखत नाही. माझ्याकडे कॅमेऱ्याचं जुनं २५६ एमबीचं कार्ड होतं, ते कामी आलं.

आता राउटर. इथे मी सगळ्यात जास्त अडकले.

वायफायचं कार्ड ८०२.११बी या जुन्या जातीचं. फक्त २.४ गिगाहर्ट्झ, कागदावर वेग ११ मेगाबिट. आमच्या चाळीत गॅलरीत उभं राहून मोबाइलवर बघितलं तर २.४वर तेवीस नेटवर्कं दिसली, त्यातली निम्मी एकाच चॅनेलवर. शिवाय भारतात राउटर चॅनेल १ ते १३ वापरतात, आणि अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेली जुनी कार्डं ११च्या पुढे ऐकतच नाहीत. आमचा राउटर 'ऑटो'वर होता. रात्री १३वर जायचा आणि बाबांचं यंत्र म्हणायचं, नेटवर्क नाही. सकाळी ६वर यायचा, मग दिसायचं. आठवडाभर मला वाटत होतं की कार्डच सैल आहे. तेव्हा 'ऑटो' काढा आणि १, ६ किंवा ११ हाताने ठरवा. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. तिघांतलं कमी गजबजलेलं घ्या. नेटवर्कचं नाव लपवू नका, आणि मोडमध्ये 'बी' बंद केलेला असेल तर चालू करा.

पासवर्डची गोष्ट नाजूक आहे. माझ्या कार्डाबरोबरच्या ड्रायव्हरला फक्त डब्ल्यूईपी हे वायफायचं जुनं कुलूप येतं. ते कुलूप २००१ सालीच फुटलेलं आहे, आज ते काही मिनिटांत उघडतं. म्हणून घरच्या मुख्य राउटरला हातही लावू नका. मी पोटमाळ्यावरचा जुना राउटर काढला, केबलने मुख्य राउटरला जोडला आणि त्याचं वायफाय फक्त पामसाठी ठेवलं. १२८-बिटची किल्ली म्हणजे नेमके २६ आकडे-अक्षरं, ० ते ९ आणि ए ते एफ. एखादं जास्त किंवा कमी झालं तर जुळत नाही, आणि यंत्र चूक कुठे झाली ते सांगत नाही. मी ती मोठ्या अक्षरात कागदावर लिहून काढली आणि चार-चारच्या गटांत खुणा करत भरली.

अशा राउटरमधून आत शिरलेला माणूस घरच्या बाकीच्या यंत्रांपर्यंत पोहोचू शकतो, कारण जुना राउटर मुख्य राउटरच्या पोटात बसलेला असतो. त्यामुळे तो चोवीस तास चालू ठेवू नका. आमच्याकडे त्याचा प्लग बाबांच्या खुर्चीशेजारच्या बोर्डावर आहे. सकाळी चहा आला की बटण खाली, पेपर वाचून झाला की बटण वर. शक्ती कमी करायची सोय असेल तर सर्वांत कमी ठेवा, एका खोलीपुरतं पुरतं. बँकेचं, पासवर्डचं काहीही त्यावर करायचं नाही, हे बाबांना दोनदा सांगितलं. मुख्य राउटरला पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क केबलवर देता येत असेल तर जुना राउटर त्यावरच जोडा.

एवढं झालं आणि यंत्राला नेटवर्कवरचा पत्ता मिळाला, पण पान उघडेना. कारण आज बहुतेक सगळी पानं टीएलएस १.२ ही सुरक्षित जोडणीची भाषा, नाहीतर तिच्या पुढची, बोलतात. टीएलएस १.२ आलं २००८ साली, आणि टी-३ त्याआधीचा. त्यात मराठी पानांची आणखी एक अडचण: पाम ओएसला, म्हणजे पामच्या मूळ प्रणालीला, युनिकोड ही सगळ्या लिप्यांची आजची संकेतपद्धत येत नाही, देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांच्या ओळी दिसतात.

दोन्हीवर एकच औषध सापडलं. वेब रेंडरिंग प्रॉक्सी नावाचा मुक्त प्रोग्रॅम आहे. तो एखाद्या लॅपटॉपवर चालवायचा. तो तिथे खराखुरा क्रोम उघडतो, पान आणतो आणि त्याचा फोटो काढून जुन्या ब्राउझरला देतो. पामकडे फक्त एक चित्र येतं, साध्या एचटीटीपीवरून. मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, हा प्रोग्रॅम चालू केला, आणि पामच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा पत्ता व ८०८० हा पोर्ट भरला. समोर एक चौकट येते, त्यात बातमीच्या पानाचा पत्ता लिहायचा. रुंदी ३२० ठेवा, टी-३चा पडदा ३२० बाय ४८०चा आहे. रंग कमी केले की चित्र हलकं होतं आणि पटकन येतं. ब्राउझरला चित्रावरची टिचकी समजत असेल तर दुवेही उघडतात. लॅपटॉपवर देवनागरी फॉन्ट आहे ना, ते बघा. माझ्या लॅपटॉपवर नव्हता, तर पहिल्या चित्रात सगळे रिकामे चौकोन आले. लोहित देवनागरी टाकला आणि पुन्हा पान मागवलं.

बाबांनी यंत्र डोळ्यांजवळ नेलं, काडीने खाली सरकवलं. पडद्यावर छोट्या ठळक अक्षरांत मथळा होता, वेलांटी, रफार सगळं जिथल्या तिथे. वीस वर्षांत त्या पडद्यावर त्यांनी मराठी अक्षर पाहिलं नव्हतं. बराच वेळ काहीच बोलले नाहीत, नुसते वाचत होते. मग आईला हाक मारली.

आता ट्रिओ, पामचाच फोन. तो माझा आहे, ६५०. त्यात वायफाय नाही, आणि पामचं ते कार्ड कंपनीने त्याच्यासाठी कधी चालवलं नाही. हौशी लोकांनी ड्रायव्हर बदलून चालवलं होतं, पण मी त्या वाटेला गेले नाही. मला तो बोलायला हवा आहे. खऱ्या कळा आहेत, लोकलमध्ये एका हाताने नंबर लागतो. सिम मात्र बघून घ्या: हा टूजीचा फोन, जिओवर चालणार नाही, टूजी चालू असलेल्या कंपनीचं सिम हवं. आणि नॅनो सिम ॲडॉप्टरमध्ये घालून ट्रेमध्ये कोंबू नका, बाहेर काढताना आतल्या पिना वाकतात. नवीन सिम येतं त्याच्याभोवतीची मोठी चौकट मोडलीच नाही तर ॲडॉप्टर लागतच नाही.

आवाज कमी येतोय म्हणून लोक आधी आवाज वाढवणारा प्रोग्रॅम टाकतात. मीही टाकला होता. माइकची पातळी वर नेली आणि पलीकडून आई म्हणाली, "तुझा आवाज येतोय पण मागे समुद्र येतोय." पातळी वाढली की खरखरही वाढते, आणि समोरच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. सगळं पुन्हा मधोमध आणलं आणि साफसफाईकडे वळले.

कानाची जाळी आणि खालच्या टोकाचं माइकचं भोक. मुंबईच्या हवेत दमट धूळ बसते, ती पिठासारखी चिकटते. फुंकर मारू नका, धूळ आत जाते. फोन पालथा धरा, जाळी जमिनीकडे, आणि मऊ, कोरड्या टूथब्रशने खालून हलके झाडा. माझ्या जाळीतून राखाडी चिकट लेप निघाला, आणि प्रोग्रॅमने जेवढा फरक पडला नव्हता तेवढा ह्या ब्रशने पडला. माइकच्या भोकात सुई घालायची नाही, आत पातळ पडदा असतो.

कधी कानात आवाज एकदम शून्य होतो आणि स्पीकरफोनवर मात्र येतो. हे ट्रिओचं जुनं दुखणं आहे. खालच्या २.५ मिमीच्या जॅकच्या आतला स्विच ओलाव्याने गंजतो आणि फोनला वाटतं हेडफोन लावलेलाच आहे. प्लग वीस-पंचवीस वेळा आत-बाहेर करा. तरी नाही झालं तर प्लगच्या टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावून पुन्हा तेच, आणि तासभर वाळू द्या. बॅटरी काढून मगच. पावसाळ्यात मी फोन सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवते.

हेडफोनला ३.५ मिमीचा ॲडॉप्टर लावणार असाल तर ज्याच्या पिनेवर टोक धरून धातूचे चार भाग आहेत तो घ्या. तीन भागांचा घेतला तर ऐकू येतं पण तुमचा आवाज जात नाही.

आणि ती गुरगुर. टूजी फोन सेकंदाला २१७ वेळा थांबत-थांबत बोलतो, तीच लय हेडफोनच्या वायरमध्ये उतरते. पूर्वी फोन येण्याआधी रेडिओ टिर्र टिर्र करायचा ना, तीच ही. सिग्नल कमजोर असला की फोन जोर वाढवतो, ९०० मेगाहर्ट्झवर २ वॅटपर्यंत, आणि गुरगुर मोठी होते. आमच्या आतल्या खोलीत जाड भिंती आहेत, तिथे ती फार येते. गॅलरीत आलं की जवळजवळ जाते. वायर अँटेनावरून नेऊ नका, आणि प्लगजवळ वायरवर एक फेराइटचं कडं बसवा, ते लॅमिंग्टन रोडला सहज मिळतं.

एक मर्यादा मात्र राहते. टूजीवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झएवढाच आवाज जातो आणि 'स'चा बहुतेक जोर त्याच्या वर असतो. म्हणून फोनवर 'सात' हे 'आठ'सारखं ऐकू येतं. किती साफ केलं तरी हे जात नाही. चर्चगेटहून निघताना मी आता आईला "सातची गाडी" म्हणत नाही, "सहानंतरची" म्हणते. ती कुकर लावते ते त्या हिशेबाने.