ग्रामपंचायतीला आलेल्या निधीचा हिशेब कसा तपासावा

गावातले एखादे काम अडले की ‘निधी नाही’ असे उत्तर मिळते. हे उत्तर बहुतेकदा खोटे नसते, अपुरे असते. कारण खात्यात रक्कम असूनही ती त्या विशिष्ट कामावर खर्च करता येत नाही, असेही घडते. त्यामुळे ‘किती पैसे आले?’ असे विचारण्याआधी ‘कोणत्या शीर्षाखाली (म्हणजे कोणत्या कारणासाठी) आणि कोणत्या वर्षाचे आले?’ असे विचारावे.

ग्रामपंचायतीकडे घरपट्टी आणि पाणीपट्टीसारखे स्वतःचे उत्पन्न, राज्याची अनुदाने, निरनिराळ्या योजनांचा निधी आणि केंद्रीय वित्त आयोगाचे अनुदान अशा मार्गांनी पैसा येतो. यांपैकी वित्त आयोगाचे अनुदान समजून घेतले की निम्मे कोडे सुटते. 15 व्या वित्त आयोगाचा कालावधी 2021-22 ते 2025-26 असा होता. त्यात महाराष्ट्रात ग्रामपंचायतींचा वाटा 80 टक्के, तर पंचायत समिती व जिल्हा परिषद यांचा प्रत्येकी 10 टक्के ठेवण्यात आला. ग्रामपंचायतीला मिळालेल्या रकमेपैकी 60 टक्के निधी बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांवरच खर्च करायचा, होता: त्यातला अर्धा पिण्याचे पाणी, पर्जन्यजल संधारण आणि पाण्याच्या पुनर्वापरासाठी, तर अर्धा स्वच्छता व हागणदारीमुक्त स्थिती टिकवण्यासाठी. उरलेला 40 टक्के अबंधित निधी गावाच्या गरजेनुसार वापरता येत असे, मात्र वेतन व आस्थापना खर्चासाठी नव्हे. साहजिकच, बंधित निधी शिल्लक असला तरी त्यातून समाजमंदिराची दुरुस्ती होणार नाही, आणि या बाबतीत सरपंचांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. 1 एप्रिल 2026 पासून 16 व्या आयोगाचा कालावधी सुरू होतो. तेव्हा जुन्या रकमेची शिल्लक आणि नव्या आयोगाचा निधी यांची गल्लत होऊ देऊ नये.

तपासणीची सुरुवात घरबसल्या करता येते. केंद्र सरकारच्या ‘ई-ग्रामस्वराज’ या संकेतस्थळावर आर्थिक वर्ष, जिल्हा, तालुका व ग्रामपंचायत निवडली की मंजूर विकास आराखडा, तसेच जमा आणि खर्च पाहता येतो. आराखड्यातील कामे एका कागदावर उतरवून घ्यावीत आणि प्रत्येकापुढे अंदाजित रक्कम, निधीचा प्रकार व झालेला खर्च लिहावा. आराखड्यात नसलेल्या कामावर खर्च दिसला, तर त्याला मान्यता कधी व कोणी दिली, हा पहिला प्रश्न नोंदवून ठेवावा.

संकेतस्थळावर रक्कम कळते, काम कळत नाही. त्यासाठी कार्यालयातील दप्तरच पाहावे लागते: नमुना 5 ची रोकडवही, कामाचे अंदाजपत्रक, मोजमाप वही आणि देयकाचे प्रमाणक (व्हाउचर). समजा, गटाराचे काम झाले आहे. मोजमाप वहीत लांबी, रुंदी आणि खोली लिहिलेली असते. ती टिपून घ्यावी आणि टेप घेऊन जागेवर जावे. लांबी दहा मिनिटांत पडताळून होते. काँक्रीटची जाडी वरवर पाहून समजत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल घाईने आरोप न करता शाखा अभियंत्याच्या उपस्थितीत मोजणी करण्याची लेखी मागणी करावी.

हाती आलेली माहिती ग्रामसभेत मांडावी. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे कायद्याने आवश्यक आहे. तेथे सर्वसाधारण नाराजी व्यक्त करण्यापेक्षा, ‘अमुक वर्षी पाणीपुरवठ्याच्या बंधित निधीतून किती रक्कम खर्च झाली व किती शिल्लक आहे?’ असा एकच नेमका प्रश्न लेखी द्यावा आणि तो व त्याचे उत्तर इतिवृत्तात नोंदवले गेले की नाही, हे सभा संपण्यापूर्वीच पाहावे. नोंद नसलेल्या चर्चेचा पुढे काहीच उपयोग होत नाही.

दप्तर दाखवले गेले नाही, तर माहिती अधिकार अधिनियम, 2005 नुसार 10 रुपये शुल्कासह अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क लागत नाही. ‘सर्व कामांची सर्व माहिती’ असे मोघम न लिहिता वर्ष, कामाचे नाव आणि हव्या असलेल्या कागदाचे नाव लिहावे. अभिलेखाची प्रत्यक्ष पाहणीही मागता येते आणि मोठ्या कामांच्या बाबतीत प्रतींपेक्षा तीच अधिक उपयोगी पडते. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले, तर त्यापुढील 30 दिवसांत प्रथम अपील दाखल करावे आणि त्यासोबत मूळ अर्जाची पोच जोडावी.