विज्ञानकथा न वाचणाऱ्याला कोणतं पुस्तक द्यावं

"मला विज्ञानातलं काही कळत नाही गं," असं जाऊबाई म्हणाल्या, तरी मी माझी लाडकी विज्ञानकादंबरी 'ड्यून' त्यांच्या हाती दिली. महिन्याने परत आली तेव्हा खूण चाळिसाव्या पानावर होती.

तेव्हापासून मी आवडतं पुस्तक विचारत नाही. शेवटचं अर्धवट सोडलेलं कोणतं, आणि का सोडलं, हे विचारते. जाऊबाईंचं उत्तर होतं, "किती ती नावं! आणि जीव लावावा असं माणूसच सापडेना." एवढ्यावरून निम्मं काम होतं. अशा वाचकाला आर्थर क्लार्कची विज्ञानकादंबरी 'राँदेव्हू विथ रामा' देऊ नये. 50 किलोमीटर लांबीचं ते परकं यान मला अजून झोपेत दिसतं, पण गोष्ट यानाची आहे, आत शिरणाऱ्या माणसांची नाही.

त्यांना मी विज्ञानकथेऐवजी तिची शेजारीण, म्हणजे जादूची कल्पनाकथा दिली: उर्सुला ली ग्विनची 'अ विझार्ड ऑफ अर्थसी' (1968). पुस्तक छोटं, नायक एकच. देताना दोनच वाक्यं बोलले: "तिथे प्रत्येक गोष्टीला एक खरं नाव असतं, ते कळलं की तिच्यावर सत्ता चालते. आणि एक पोरगा ईर्षेपायी नको ते जागं करून बसतो." नावाचा महिमा त्यांना मी काय सांगणार! 'लेखिकेने अख्खं विश्व उभं केलंय' वगैरे मुळीच सांगू नये. वाचणाऱ्याला आधी संकट लागतं, विश्व मागून येतं.

अडखळायची जागा मात्र जरूर सांगावी. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची प्रस्तावना सोडून थेट पहिल्या प्रकरणातल्या बिल्बोच्या 111व्या वाढदिवसापासून सुरुवात करा. 'ड्यून'मागची शब्दसूची पहिल्या वाचनात उघडू नका, अर्थ संदर्भाने लागत जातो.

मराठीच हवं असेल तर कादंबरीआधी एक कथा द्यावी. जयंत नारळीकरांची 'कृष्णविवर' ही कथा, जी त्यांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली होती. ती एका बैठकीत होते. आवडली, तर त्यांचीच कादंबरी 'वामन परत न आला'.

एका वेळी एकच पुस्तक, आणि पंधरा दिवस "कुठवर आलं?" विचारायचं नाही. मला हे फार जड जातं.

परवा जाऊबाईंनी अर्थसीचा दुसरा भाग मागितला. त्यात आपला पोरगा बऱ्याच उशिरा येतो, तोवर एका मुलीची गोष्ट आहे, हे देतानाच सांगून ठेवलं.