रीफ टाकीच्या तळाची वाळू: या चुका टाळा

वडोदऱ्यात नवी रीफ टाकी, म्हणजे खाऱ्या पाण्यात प्रवाळ ठेवायची टाकी, लावताना पैसे आधी लाइटवर खर्च होतात, मग पाणी थंड ठेवणाऱ्या चिलरवर. वाळूची पाळी शेवटी येते, उरलेल्या पैशांत. सहा महिन्यांनी झोअँथिड (फुलांसारखे दिसणारे सागरी प्राणी) मिटून बसतात, लेदर कोरल (चामड्यासारखं मऊ प्रवाळ) मान टाकतं आणि लोक मिठाचा ब्रँड बदलतात. तळाकडे कुणी बघत नाही.

पहिली चूक म्हणजे बांधकामाच्या ढिगातली नर्मदेची किंवा ओरसंगची वाळू धुऊन टाकीत ओतणं. गारगोटीचे कण स्वतः विषारी नसतात, पण नदीच्या वाळूत माती असते आणि लोहचुंबकाला चिकटणारे काळे कणही असतात. प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक गुंडाळून वाळूतून फिरवा, लगेच दिसतील. हेच कण पुढे वेव्हमेकरच्या (टाकीत प्रवाह तयार करणाऱ्या पंपाच्या) रोटरवर जमतात आणि काच पुसायच्या चुंबकाखाली येऊन काचेवर कायमचे ओरखडे पाडतात. वाळूवर थोडं व्हिनेगर टाकून बघा. बुडबुडे आले तर चुनखडीची, नाही आले तर गारगोटीची.

ओखा-द्वारकेच्या किनाऱ्यावरून वाळू किंवा प्रवाळाचे तुकडे आणायचे नाहीत. कच्छच्या आखातातला सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग संरक्षित आहे आणि दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणूनच इथे झोअँथिड, मशरूम कोरल, लेदर अशा दगडी नसलेल्या जातींच्याच टाकीचा विचार केला आहे.

‘ॲरागोनाइट (चुनखडीची वाळू) टाकला की कॅल्शियमची काळजी नको’ हे दुकानात सर्रास सांगितलं जातं, आणि ते चूक आहे. रीफ टाकीचा पीएच ८.१ ते ८.३ असतो. त्या पाण्यात ॲरागोनाइट जवळजवळ विरघळत नाही. कॅल्शियम रिॲक्टर या वेगळ्या नळकांड्यात तो विरघळतो, कारण तिथे कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच ६.५च्या आसपास उतरवतात. वाळूच्या भरवशावर राहू नका. अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेटचं प्रमाण) दर आठवड्याला मोजा, ८ ते ९ डीकेएचवर (तिच्या मोजमापाचं एकक) ठेवा आणि कमी पडेल तेवढी डोसिंगने, म्हणजे द्रावण घालून, भरा.

आता दाण्याचा आकार. सगळ्यात जास्त टाक्या इथेच बिघडतात. संगमरवराची कपची स्वस्त आणि पांढरीशुभ्र दिसते म्हणून घेतात. ५ ते १० मिलिमीटरच्या कपचीच्या फटींत माशांचं खाणं आणि विष्ठा उतरते. तिथवर ना प्रवाह पोचतो, ना गोगलगाय. ते कुजून नायट्रेट आणि फॉस्फेट वाढतं, मग शेवाळ झोअँथिडच्या मुळाशी चढतं. दुसऱ्या टोकाला पिठीसाखरेसारखी वाळू. वेव्हमेकर लावला की एका कोपऱ्यात काच उघडी पडते आणि उडालेले कण लेदरवर बसतात. ते झटकायला लेदर मेणचट साल काढतं आणि तोवर दिवसेंदिवस मिटून राहतं. १ ते २ मिलिमीटरचा दाणा घ्या. ९० बाय ४५ सेंटिमीटर तळाला ३ सेंटिमीटर थर द्यायचा तर सुमारे १८ किलो लागते.

थराची जाडी ५ ते ८ सेंटिमीटर ठेवणं हा सगळ्यात वाईट मधला मार्ग. सायफनने साफ करायला ती जास्त, आणि तळात प्राणवायूविना नायट्रेट फोडणारे जिवाणू नीट स्थिरावायला कमी. त्यासाठी बारीक वाळूचा १० सेंटिमीटरच्या वर थर लागतो, आणि तो कधीही ढवळायचा नसतो.

ढवळलं तर काय होतं ते रावपुऱ्यातल्या एका टाकीत दिसलं. तीन वर्षांची टाकी, ६ सेंटिमीटर जाड प्रवाळाचा चुरा, एकदाही सायफन नाही. दिवाळीची साफसफाई निघाली तेव्हा घरातल्यांनी टाकीलाही हात घातला आणि सगळा चुरा एका दुपारी वरखाली केला. पाणी चहासारखं झालं. तासाभरात सडक्या अंड्यांचा वास, संध्याकाळी मासे पृष्ठभागावर धापा टाकत होते, रात्री अमोनियाची चाचणी हिरवी, म्हणजे पाण्यात विषारी अमोनिया. लेदर आडवं झालं, तळाजवळचे झोअँथिड वितळले. मिठाचं पाणी तयार नव्हतं, म्हणून पाणी बदलायला दुसरा दिवस उजाडला. तोवर निम्मे मासे गेले होते.

जुना थर काढायचाच असेल तर ढवळू नका, उपसा. आदल्या दिवशी टाकीच्याच तापमानाचं, १.०२५ घनतेचं ५० लिटर मिठाचं पाणी ढवळून तयार ठेवा. नळी थेट वाळूत घालून एक चतुर्थांश पट्टा वाळूसकट बादलीत ओढा. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), कार्बन आणि एअरस्टोन चालू ठेवा. पुढचा पट्टा पंधरा दिवसांनी, त्याआधी नाही. घाई करणाऱ्यांना हे पटत नाही, पण दीड महिना लागतो तो लागतोच. फॉस्फेटबाबतही असंच आहे. चुनखडीची वाळू ते धरून ठेवते आणि पाण्यातलं कमी झालं की पुन्हा सोडते. म्हणून फॉस्फेट रिमूव्हर लावल्यावर आठवड्यात आकडा हलला नाही तरी डोस दुप्पट करू नका.

दगड वाळूवर रचू नका. आधी काचेवर दगड, मग वाळू. गोबी मासा किंवा पिस्तूल झिंगा खालून पोखरतो आणि ढीग कोसळतो.

कोरडी वाळू पाणी नितळ होईपर्यंत धुवा, शेवटचं पाणी आरओचं. पिशवीतली ओली लाइव्ह सँड (जिवंत जिवाणू असलेली वाळू) मात्र नळाखाली धरू नका, क्लोरीनने तिचे जिवाणू मरतात.

पहिल्या महिन्यात वाळूवर तपकिरी थर येतो म्हणून ती बदलू नका. ते डायॲटम (सूक्ष्म शेवाळ) आहेत, आणि त्यांचं खाद्य, म्हणजे सिलिका, बहुतेक वेळा पाण्यातून येतं. आजवा तलावाचं असो की बोअरचं, घरच्या आरओनंतर थोडा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) उरतोच. डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावून शून्यावर आणा.

मे महिन्यात बाहेर ४३ अंश असताना लाइट गेली की गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो, आणि वाळूतले जिवाणू तो ओढत राहतात. बॅटरीचा एअरपंप टाकीजवळच, चार्ज करून टांगलेला असू द्या. जाड, घाण थर असेल तर लाइट गेल्याबरोबर लावा, मासे वर यायची वाट पाहू नका.