वेब डेव्हलपर म्हणून सुरुवात कशी करावी: क्लासच्या आधी गिऱ्हाईक

सकाळी नऊच्या सुमारास ठाण्याहून नवी मुंबईकडे ट्रान्स-हार्बर लोकलने निघाले की ऐरोलीला अर्धा डबा रिकामा होतो आणि उरलेल्यांपैकी बरेच जण घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे असे करत उतरत जातात. खांद्याला लॅपटॉपची बॅग असलेल्या या गर्दीकडे पाहून ‘मलाही वेबसाइट बनवण्याचे काम जमेल का’ असे विचारणारे लोक मला दोन प्रकारचे भेटतात: नुकतेच बी.कॉम. किंवा बी.एस्सी. झालेले, आणि दुसऱ्या क्षेत्रात पाच-सात वर्षे काढून कंटाळलेले. दोघांचाही दुसरा प्रश्न ‘क्लास कोणता लावू’ हाच असतो. क्लास लावण्याआधी गिऱ्हाईक शोधावे, असे माझे उत्तर असते.

गिऱ्हाईक म्हणजे पैसे देणाराच माणूस असला पाहिजे असे नाही. नौपाड्यातले पोळीभाजी केंद्र, वाशीतली एखादी शिकवणी, ओळखीच्या काकांचे सायकल दुरुस्तीचे दुकान, यांपैकी कोणीही चालेल. मात्र चूक दिसली की फोन करून सांगणारा माणूस निवडावा. त्याला ‘तुम्हाला वेबसाइट कशी हवी’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर त्याच्याकडे नसते. ‘लोक तुम्हाला फोन करून रोज काय विचारतात’ असे विचारावे. मी ज्या काकूंसाठी पहिले पान बनवले त्यांचे उत्तर होते: ‘आज भाजी कोणती, आणि किती वाजेपर्यंत मिळेल.’ पानावर काय असावे याचा निर्णय तिथेच झाला.

साधनांवर फार विचार करू नये. आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, व्हीएस कोड हा मोफत एडिटर आणि क्रोम किंवा फायरफॉक्स एवढ्यावर पहिले वर्ष निभते. घरी शांतता नसेल तर ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत बसावे. रोजचे दोन तास सलग मिळणे हे लॅपटॉपच्या किमतीपेक्षा महत्त्वाचे आहे.

त्यानंतर एचटीएमएल, म्हणजे पानावर काय काय आहे हे ब्राउझरला सांगणारी भाषा. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली ती दस्तऐवज एकमेकांना जोडण्यासाठी, आणि आजही एचटीएमएल शिकताना पान म्हणजे आधी एक दस्तऐवज आहे हे डोक्यात ठेवावे: मथळा, परिच्छेद, यादी, तक्ता. दरपत्रक तक्त्यातच मांडावे आणि बटणासाठी बटणाचाच टॅग (पानाच्या भागाला लावायची एचटीएमएलची खूण) वापरावा, म्हणजे ते कीबोर्डने चालते आणि अंध व्यक्तीच्या स्क्रीन रीडरलाही कळते. मराठी पानाला यूटीएफ-८ ही अक्षरसंहिता (देवनागरी अक्षरे नीट दिसावीत म्हणून) आणि भाषेचा ‘एमआर’ (mr, म्हणजे मराठी) हा संकेत न चुकता द्यावा. व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे मांडायला सांगणारी ओळही विसरू नये. ती नसेल तर मोबाइलचा ब्राउझर पान साधारण ९८० पिक्सेल रुंद आहे असे समजून मांडतो आणि मग आक्रसून दाखवतो, त्यामुळे भाजीचे नाव मुंगीएवढे दिसते.

पान कसे दिसावे हे ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये बॉक्स मॉडेल (प्रत्येक भागाची चौकट आणि तिच्याभोवतीची जागा), फ्लेक्सबॉक्स (एका रांगेतली मांडणी), ग्रिड (आडव्या-उभ्या रकान्यांतली मांडणी) आणि मीडिया क्वेरी (स्क्रीनच्या आकाराप्रमाणे बदलणारे नियम) या चार गोष्टी पक्क्या कराव्यात. देवनागरीसाठी आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या इंग्रजीतल्या धड्यांत सहसा सापडत नाहीत. अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेखा तुटते आणि शब्द विस्कटल्यासारखा दिसतो, म्हणून तो गुणधर्म मराठी मजकुराला लावूच नये; आणि वरच्या वेलांट्या, खालचे उकार यांना जागा मिळावी म्हणून ओळींची उंची अक्षराच्या दीडपटीहून थोडी जास्त ठेवावी. एवढे केले तरी पान नीटनेटके दिसते.

सर्वांत जास्त वेळ जावास्क्रिप्टला, म्हणजे पानाला हिशेब करायला आणि दाबलेल्या बटणाला प्रतिसाद द्यायला लावणाऱ्या भाषेला द्यावा. रोज दोन तास दिले तरी तीन महिने लागतात. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत असताना या भाषेचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत तयार केला होता, आणि तिचे काही स्वभावविशेष अजूनही नवशिक्याची परीक्षा पाहतात. काकूंच्या पानावर मी ऑर्डरची बेरीज करणारी छोटी चौकट केली होती. पोळ्यांचे १२० रुपये आणि पोच करण्याचे २० रुपये यांची बेरीज स्क्रीनवर १२०२० अशी आली. चौकटीत टाइप केलेली प्रत्येक गोष्ट जावास्क्रिप्टला मजकूर म्हणून मिळते, आणि दोन मजकुरांमध्ये अधिकचे चिन्ह घातले की ते नुसते एकापुढे एक जोडले जातात; बेरीज हवी असेल तर आधी त्यांचे संख्येत रूपांतर करावे लागते. ते केल्यावर आठवडाभर सगळे सुरळीत चालले, आणि मग कोणीतरी मराठी कीबोर्डवरून ‘२०’ असे देवनागरी अंक टाकले. मजकुराची संख्या करणारे नंबर हे फंक्शन (ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) ते अंक ओळखत नाही, ‘ही संख्या नाही’ असे उत्तर देते. देवनागरी अंक आधी बदलून घेणारे चार ओळींचे फंक्शन मी त्या रात्री लिहिले, आणि पुढे एका मुलाखतीत सर्वांत जास्त वेळ त्याच चार ओळींवर बोलणे झाले. स्वतःहून रचलेल्या सरावात असे प्रश्न सुचत नाहीत. ते गिऱ्हाईकच आणून देते. रिअ‍ॅक्टसारख्या लायब्ररीकडे (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडच्या संचाकडे) यानंतर वळावे, आधी नाही.

अडले की एमडीएन या वेबच्या भाषांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळाचे पान उघडावे, कारण तिथली माहिती नेमकी असते. एआयची साधने सांगाल तो कोड लिहून देतात आणि ती वापरण्यात गैर काही नाही, परंतु ज्या ओळीचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही ती ओळ आपल्या फाइलमध्ये ठेवू नये.

गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे साधन, पहिल्या आठवड्यापासून वापरावे. दिवसाचे काम संपले की कमिट करावे (बदल गिटमध्ये नोंदवावेत) आणि संदेशात काय बदलले ते स्पष्ट लिहावे. ‘फायनल’, ‘फायनल २’ अशी फोल्डरे करणाऱ्याचे काय होते हे मी अनुभवले आहे. तयार पान गिटहब पेजेस या सेवेवर मोफत प्रसिद्ध करता येते. प्रसिद्ध करण्यापूर्वी फोटो लहान करावेत, कारण मोबाइलवर काढलेला चार एमबीचा फोटो जसाच्या तसा चढवला तर लोकलच्या गर्दीत नेटवर्क मंदावल्यावर पान उघडतच नाही. आणि फोनचा दुवा स्वतः दाबून पाहावा. माझ्याकडून एक आकडा चुकला होता, आणि खारकर आळीतल्या एका निवृत्त गृहस्थांना दोन दिवस पोळ्यांच्या ऑर्डरी येत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीच केंद्राचा पत्ता शोधून निरोप पाठवला.

अशी दोन-तीन खरी कामे पूर्ण झाली की नोकरीचा शोध सुरू करावा. ऐरोली, घणसोली, महापे येथील मोठ्या कंपन्या नवोदितांची बरीचशी भरती महाविद्यालयांतून करतात, त्यामुळे पदवी दुसऱ्या शाखेची असेल तर वागळे इस्टेट, वाशी किंवा बेलापूरमधल्या दहा-वीस माणसांच्या कंपन्यांकडे आधी अर्ज करणे फायद्याचे ठरते. बायोडेटा एका पानाचा असावा, त्यात चालू पानांचे दुवे वरच्या बाजूला द्यावेत आणि प्रत्येक कामासाठी अडचण काय आली व ती कशी सोडवली हे दोन वाक्यांत लिहावे. मुलाखतीत ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यापासून पान दिसेपर्यंत काय घडते, जावास्क्रिप्टमधले क्लोजर म्हणजे काय, असे प्रश्न हमखास येतात. त्यांची उत्तरे मोठ्याने बोलून सराव करावा, मनातल्या मनात नव्हे. अनामत रक्कम किंवा प्रशिक्षण शुल्क मागून नोकरीची हमी देणाऱ्याला नमस्कार करून निघावे.

नोकरीऐवजी स्वतंत्र काम करायचे असेल तर अर्धे पैसे आगाऊ घ्यावेत, आणि किती पाने, किती वेळा बदल हे लेखी ठरवून घ्यावे. डोमेन (वेबसाइटचा पत्ता) मात्र गिऱ्हाइकाच्याच नावाने आणि त्याच्याच ईमेलवर नोंदवावे, आणि नूतनीकरणाची तारीख त्याच्या दुकानातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर आपल्या हाताने लिहून यावी.