बरोक मुद्राचित्रातील धार्मिक प्रतीके कशी वाचावीत

जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातील विद्वान अथानासिउस किर्चर याने प्रकाश आणि सावली यांविषयी लिहिलेला लॅटिन ग्रंथ १६४६ साली, म्हणजे युरोपातील बरोक या भपकेदार कलाशैलीच्या काळात, रोममध्ये छापला गेला. पिएर मिओत याने ताम्रपट्टीवर कोरून छापलेले त्याचे मुखचित्र, म्हणजे ग्रंथाच्या आरंभीचे चित्र, इतके गच्च भरलेले आहे की, नजर कोठे ठेवावी हेच आधी उमजत नाही. अशा वेळी चिन्हांचे अर्थ लावण्याची घाई करू नये. उजेड कोठून निघतो आणि कोठवर पोहोचतो, ते प्रथम पाहावे.

चित्राच्या माथ्यावर तेजोवलयात हिब्रू लिपीत ईश्वराचे चार अक्षरी नाव आहे. मुद्राचित्रात पांढरी शाई नसते. रेषा विरळ होतात तेथे कोरा कागदच उजेड होतो. म्हणून भिंग घेऊन रेषांची दाटी पाहत खाली यावे. ज्ञानाचे चार मार्ग चित्रात लॅटिन नावांनिशी दाखवले आहेत. धर्मग्रंथांचे प्रामाण्य आणि बुद्धी यांना वर, ईश्वरी नामाजवळ जागा आहे. खाली इंद्रियानुभवासाठी दुर्बीण आहे, तर लौकिक ग्रंथकारांच्या वाट्याला केवळ एक कंदील आला आहे. या जागा म्हणजेच चित्राचा धार्मिक युक्तिवाद होय. दुर्बिणीने आकाश पाहून पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडणाऱ्या गॅलिलिओला रोममध्येच १६३३ साली दोषी ठरवले गेले होते, हे लक्षात घेता दुर्बिणीला मिळालेले स्थान, गौण असले तरी, मला फार मोलाचे वाटते.

त्यानंतर मूर्तींकडे वळावे, आणि येथे मराठी वाचकाने विशेष सावध राहावे. चित्रात सूर्य पुरुषरूपात आणि चंद्र देवीरूपात आहे. या सूर्यपुरुषाच्या अंगावरील राशिचिन्हे पाहून आपल्याला ज्योतिषातील कालपुरुष आठवतो, आणि ते साम्य निराधार नाही, कारण राशिचक्र दोन्हीकडे एकच आहे. मात्र त्याच्याजवळचा दुतोंडी पक्षी आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवरील गंडभेरुंड नव्हे. तो पवित्र रोमन साम्राज्याचा गरुड असून, ग्रंथामागील त्या साम्राज्यावर राज्य करणाऱ्या हाब्सबुर्ग घराण्याच्या राजाश्रयाची खूण आहे.

चंद्रदेवीजवळचे मोरही सरस्वतीचे किंवा कार्तिकेयाचे नव्हेत. ग्रीक कथेत शंभर डोळ्यांचा पहारेकरी आर्गस मारला गेल्यावर हेरा देवीने त्याचे डोळे मोराच्या पिसाऱ्यावर लावले. ख्रिस्ती परंपरेत हाच पक्षी अमरत्वाचे प्रतीक ठरला. देवीच्या अंगावर तारे कोरले आहेत. ते पाहून पुन्हा पिसाऱ्याकडे यावे, म्हणजे त्यातील डोळे रात्रीच्या आकाशासारखे दिसू लागतात.